मिळकतीचा वाद फसवणुकीचा गुन्हा केव्हा ठरतो : कायद्यातील सीमारेषेचा आढावा

मिळकतीच्या व्यवहारात ठरल्याप्रमाणे खरेदीखत झाले नाही, दिलेला इसार परत मिळाला नाही किंवा ताबा घेताना तिसराच कोणी हक्क सांगत पुढे आला, तर नुकसान सोसणाऱ्या पक्षापुढे कायद्याचे दोन मार्ग असतात. पहिला दिवाणी न्यायालयाचा असून त्यात कराराची पूर्तता, दस्त रद्दबातल ठरवणे, हक्काची घोषणा, पैशांचा परतावा किंवा नुकसानभरपाई मागता येते. दुसरा पोलीस ठाण्यातून जाणारा फौजदारी मार्ग आहे आणि त्याचा शेवट शिक्षेत होऊ शकतो. पहिला मार्ग वर्षानुवर्षे चालतो, त्यासाठी न्यायालय शुल्क भरावे लागते आणि पुराव्याचा भार वादीवर असतो, तर दुसऱ्या मार्गात तपास सरकारी यंत्रणा करते आणि अटकेच्या भीतीने समोरचा पक्ष तडजोडीला तयार होण्याचा संभव असतो. यामुळे मुळात दिवाणी असलेल्या तक्रारीला फौजदारी रूप देण्याचा मोह वाढतो, आणि याच कारणाने खऱ्याखुऱ्या फसवणुकीची तक्रार घेऊन आलेल्या माणसालाही ‘हे दिवाणी प्रकरण आहे, कोर्टात जा’ असे सांगून परत पाठवले जाते. दोन्ही चुका अन्यायकारकच आहेत. त्या टाळायच्या तर दिवाणी वाद आणि फसवणुकीचा गुन्हा यांच्यातील रेषा नेमकी कोठे आहे, हे स्पष्ट असावे लागते. ही रेषा नुकसानीच्या रकमेवरून ठरत नाही, करार मोडला एवढ्यावरूनही ठरत नाही. कोणाला, कोणत्या क्षणी, कोणत्या खोटेपणाने फसवले गेले आणि त्या फसगतीमुळे त्याने काय हातचे सोडले, या प्रश्नांच्या उत्तरांवरून ती ठरते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या गेल्या काही दशकांतील निर्णयांचा गाभाही हाच आहे.

व्याख्या आणि तिचे घटक

फसवणुकीच्या गुन्ह्याची व्याख्या १८६०च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ४१५ मध्ये होती आणि मालमत्ता हस्तांतरित करायला लावणाऱ्या फसवणुकीची शिक्षा कलम ४२० मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, २०२३ अमलात आली आणि हा विषय तिच्या कलम ३१८ मध्ये एकत्र आला. त्यातील पहिल्या पोटकलमात व्याख्या आहे, तर चौथ्या पोटकलमात मालमत्ता स्वाधीन करायला लावणाऱ्या फसवणुकीसाठी ७ वर्षांपर्यंत कारावास आणि दंड सांगितला आहे. त्या तारखेपूर्वी घडलेल्या कृत्यांना जुनीच संहिता लागू राहते, म्हणून न्यायालयांपुढे आज दोन्ही क्रमांक दिसतात. व्याख्येचा आशय मात्र बदललेला नाही, त्यामुळे जुन्या कलमावरील निर्णय नव्या कलमालाही मार्गदर्शक ठरतात.

या व्याख्येचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात, फसवल्या गेलेल्या व्यक्तीला कपटाने किंवा अप्रामाणिकपणे प्रवृत्त करून तिच्याकडून एखादी मालमत्ता कोणाच्या तरी स्वाधीन करवून घेणे, किंवा कोणी ती स्वतःजवळ ठेवावी याला तिची संमती मिळवणे, हे येते. दुसऱ्या भागात, ती व्यक्ती फसली नसती तर तिने जे केले नसते ते तिला हेतुपुरस्सर करायला लावणे, किंवा जे केले असते ते करू न देणे, आणि त्यामुळे तिच्या शरीराला, मनाला, लौकिकाला किंवा मालमत्तेला हानी होणे किंवा होण्याचा संभव असणे, हे येते. ‘अप्रामाणिकपणे’ या शब्दाला येथे ठरावीक अर्थ आहे. ज्या मालमत्तेवर एखाद्याचा कायदेशीर हक्क नाही तिचा लाभ त्याला बेकायदा मार्गाने मिळवून देण्याचा, किंवा ज्याचा हक्क आहे त्याला तिला मुकवण्याचा हेतू, म्हणजे अप्रामाणिकपणा. व्याख्येला जोडलेल्या स्पष्टीकरणानुसार, वस्तुस्थिती अप्रामाणिकपणे दडवणे हीसुद्धा फसवणूकच असते. थोडक्यात, खोटे सांगणे किंवा सत्य दडवणे, त्यामागे आरंभापासूनचा अप्रामाणिक हेतू, त्या खोट्यावर विसंबून समोरच्याने केलेली कृती आणि त्या कृतीतून झालेले नुकसान अशा चार कड्या सलग जुळल्या तरच गुन्हा पूर्ण होतो. एक जरी कडी तुटली तरी तक्रार दिवाणी राहते.

संहितेने व्याख्येखाली दिलेली उदाहरणे येथे फार उपयोगी पडतात. एका उदाहरणात, ठरावीक प्रमाणात निळीचे पीक देण्याचा मुळीच इरादा नसताना तो आहे असे भासवून कोणी आगाऊ रक्कम घेतली, तर ती फसवणूक ठरते, पण रक्कम घेताना माल देण्याचा इरादा होता आणि नंतर करार मोडला, तर तो केवळ करारभंग असून त्यावर दिवाणी दावाच होऊ शकतो, असे संहिता स्वतःच सांगते. दुसरे उदाहरण थेट स्थावर मिळकतीचे आहे. एखाद्याने आपली मिळकत एकाला रीतसर विकली आणि आता आपला तिच्यावर हक्क उरलेला नाही हे ठाऊक असूनही, पहिली विक्री न सांगता तीच मिळकत दुसऱ्याला विकून किंवा गहाण ठेवून पैसे घेतले, तर त्याने त्या दुसऱ्याला फसवले असे ते सांगते. पुढच्या काळातील न्यायनिर्णयांत या दोन उदाहरणांचेच तर्क वेगवेगळ्या वस्तुस्थितींना लावलेले दिसतात.

हेतूचा क्षण

रेषा आखणारा पहिला निकष काळाचा आहे. हृदय रंजन प्रसाद वर्मा विरुद्ध बिहार राज्य (२०००) या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की करारभंग आणि फसवणूक यांतील भेद सूक्ष्म असून तो प्रवृत्त करतेवेळी आरोपीचा हेतू काय होता यावर अवलंबून आहे. पुढचे वर्तन हे त्या हेतूचे एक गमक असू शकते, पण एकमेव कसोटी नाही. वचन पाळले गेले नाही एवढ्यावरून ते देतानाच मोडण्याचा बेत होता असे गृहीत धरता येत नाही. त्या प्रकरणात जमिनीच्या विक्रेत्यांनी, त्यांच्याच एका भावाने दाखल केलेला वाटणीचा दावा प्रलंबित असल्याचे खरेदीदाराला सांगितले नाही, अशी तक्रार होती. मात्र खरेदीदाराने पैसे द्यावेत म्हणून ती माहिती हेतुपुरस्सर दडवली गेली, असे तक्रारीत स्पष्टपणे किंवा सूचकपणेही म्हटलेले नव्हते आणि या उणिवेमुळे फौजदारी कारवाई रद्द झाली. दलीप कौर विरुद्ध जगनार सिंग (२००९) मध्ये, जमिनीचा विक्री करार फिसकटल्यावर आगाऊ रक्कम परत केली नाही एवढ्याने फसवणूक होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

या निकषाचा व्यवहारातील अर्थ साठेखताच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. साठेखत म्हणजे भविष्यात खरेदीखत करून देण्याचा करार असून मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२च्या कलम ५४ नुसार त्याने मिळकतीत कोणताही हक्क निर्माण होत नाही. विक्रेत्याने १० लाख रुपये इसार घेऊन सहा महिन्यांत खरेदीखत करून देण्याचे लिहून दिले, मधल्या काळात परिसरातील भाव चढले आणि त्याने व्यवहार नाकारला, तर त्याचे वर्तन कितीही निंद्य असले तरी ते करारभंग आहे आणि विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली, म्हणजे ठरलेला करारच प्रत्यक्ष पुरा करून मागण्याच्या कायद्याखाली, दाद मागता येते. त्यासाठीची मुदत साधारणतः पूर्ततेची ठरलेली तारीख किंवा नकार कळल्याची तारीख यापासून ३ वर्षे आहे. मात्र त्याच विक्रेत्याने साठेखत करतानाच ती जमीन दुसऱ्याच्या नावे खरेदीखताने दिलेली असेल, किंवा एकाच महिन्यात त्याच सदनिकेची तीन साठेखते तीन माणसांना करून दिली असतील, तर तो हेतू पहिल्या दिवसापासूनचा होता हे दस्तांच्या तारखाच सांगतात.

हेतू माणसाच्या मनात असतो आणि त्याचा थेट पुरावा क्वचितच मिळतो, म्हणून न्यायालये आजूबाजूच्या परिस्थितीवरून तो ओळखतात. करार करतेवेळी विक्रेत्याकडे विकण्याजोगा हक्क होता का, त्याने जी परवानगी किंवा मंजुरी असल्याचे सांगितले ती प्रत्यक्षात मिळाली होती का, पैसे हातात येताच ते ठरलेल्या कामाऐवजी दुसरीकडे वळवले का, अनेक लोकांशी एकाच पद्धतीने तसेच व्यवहार केले का आणि करारानंतर पूर्ततेच्या दिशेने एकही पाऊल टाकले का, हे प्रश्न तेथे निर्णायक ठरतात. याउलट बरीचशी रक्कम घेऊन काही दस्त करून दिले, मोजणी करून घेतली, परवानगीसाठी अर्ज केले आणि मग कुठेतरी गाडे अडले, अशी हकीगत असेल तर आरंभीचा अप्रामाणिक हेतू सिद्ध होणे कठीण जाते. मुरारीलाल गुप्ता विरुद्ध गोपी सिंग (२००५) या विक्री कराराच्या प्रकरणात, आरोपीने केलेले कथन खोटे होते असेही तक्रारीत म्हटलेले नसल्याने ती तक्रार टिकली नाही. यावरून तक्रार लिहितानाच नेमके कोणते विधान खोटे होते आणि ते खोटे आहे हे विक्रेत्याला तेव्हाच ठाऊक कसे होते, हे मांडणे किती आवश्यक आहे ते दिसते.

फसवले गेले कोणाला

दुसरा निकष व्यक्तीचा आहे आणि त्यावरच सर्वाधिक गफलत होते. मालकीची जमीन कोणा तिऱ्हाइताने परस्पर विकल्याचे कळले की मालकाची पहिली प्रतिक्रिया ‘माझी फसवणूक झाली’ अशी असते, पण कायद्याची व्याख्या ‘फसवल्या गेलेल्या’ व्यक्तीभोवती उभी आहे. मोहम्मद इब्राहिम विरुद्ध बिहार राज्य (२००९) या निर्णयात हा मुद्दा काटेकोरपणे उलगडला आहे. तक्रारदाराच्या म्हणण्यानुसार एका व्यक्तीने त्याच्या मालकीच्या जमिनीवर आपला हक्क सांगून तिचे खरेदीखत दुसऱ्याला करून दिले होते. न्यायालयाने विचारले की या व्यवहारात मालकाला कोणी काही खोटे सांगून काही द्यायला लावले का? मालकाने काहीच दिलेले नव्हते, त्याला कोणी प्रवृत्त केलेले नव्हते, तो व्यवहाराचा पक्षही नव्हता. म्हणून मालकाच्या तक्रारीवर फसवणुकीचा गुन्हा उभा राहत नाही. खोटी मालकी सांगून ज्याच्याकडून पैसे घेतले तो खरेदीदार मात्र फसवणुकीची तक्रार करू शकतो. मालकासाठी दस्त आपल्यावर बंधनकारक नसल्याची घोषणा मागण्याचा दिवाणी मार्ग मोकळा राहतो, कारण ज्याचा हक्क नाही तो दुसऱ्याला हक्क देऊच शकत नाही.

याच निर्णयात बनावट दस्ताचा प्रश्नही निकाली निघाला. कायद्याच्या अर्थाने खोटा दस्त म्हणजे ज्याने तो केला नाही त्याने तो केल्याचे भासवणारा, खऱ्या दस्तात अधिकाराशिवाय बदल केलेला, किंवा वेडाच्या अथवा नशेच्या भरात असलेल्या किंवा फसवल्या गेलेल्या माणसाकडून, त्यातील मजकूर त्याला कळत नसताना, सही घेतलेला दस्त. एखाद्याने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, ‘ही जमीन माझी आहे’ असे खोटे लिहून खरेदीखत केले, तर विधान खोटे असले तरी दस्त बनावट ठरत नाही. त्याने मालकाच्या नावाने सही केली, मालक म्हणून दुसरा माणूस उभा केला किंवा मालकाच्या नावाचे खोटे कुलमुखत्यारपत्र तयार केले, तर मात्र ते बनावटीकरण होते. न्याय संहितेच्या कलम ३१९ मध्ये तोतयेगिरी करून केलेल्या फसवणुकीसाठी ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि नोंदणी अधिनियम, १९०८च्या कलम ८२ मध्ये निबंधकापुढे जाणीवपूर्वक खोटे निवेदन करणे किंवा तोतया उभा करणे हाही वेगळा गुन्हा आहे. शीला सेबॅस्टियन विरुद्ध आर. जवाहरराज (२०१८) या निर्णयाने बनावटीकरणाचा आरोप खोटा दस्त प्रत्यक्ष तयार करणाऱ्यावरच ठेवता येतो, केवळ त्याचा लाभ मिळाला म्हणून नाही, असे ठरवले. बनावट असल्याचे ठाऊक असून तो दस्त वापरणाऱ्यावर कारवाईसाठी वेगळी तरतूद आहेच.

हा भेद कोरडा वाटला तरी त्याचे परिणाम मोठे आहेत. मालकाने फसवणुकीचे कलम धरून बसावे आणि खरे बनावटीकरण किंवा तोतयेगिरी दुर्लक्षित राहावी, असे झाल्यास वर्षे वाया जातात आणि आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटतो. गोव्यात परदेशी स्थायिक झालेल्या किंवा वारस मागे नसलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या कागदांच्या आधारे बळकावल्याच्या तक्रारी वाढल्यावर २०२२ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि निवृत्त न्यायाधीशांचा चौकशी आयोगही नेमला. अशा प्रकरणांत मालक व्यवहारात कुठेच नसतो, म्हणून त्यांचा कणा जुन्या कागदांच्या बनावटीकरणात असतो आणि तपासाची दिशा तीच असावी लागते.

दडवलेली वस्तुस्थिती आणि महसुली नोंदी

मिळकतीच्या व्यवहारात खोटे बोलण्यापेक्षा न बोलणे अधिक घडते. बँकेचा बोजा, न्यायालयात चालू असलेला वाटणीचा दावा, बहिणींचा वारसाहक्क, जमीन भोगवटादार वर्ग २ची असल्याने हस्तांतरणाला लागणारी परवानगी किंवा संपादनाची अधिसूचना यांपैकी काहीही विक्रेता सांगत नाही आणि खरेदीदाराला ते उशिरा कळते. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याला माहीत असलेला आणि खरेदीदाराला सामान्य काळजी घेऊन कळू शकणार नाही असा महत्त्वाचा दोष सांगणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे आणि तो न सांगणे कपट समजले जाते. त्या कपटामुळे दिवाणी मार्गाने करार रद्द होऊ शकतो. फौजदारी गुन्हा ठरण्यासाठी मात्र त्यापुढे जाऊन, पैसे काढून घेण्यासाठीच ते दडवले हे दाखवावे लागते.

महाराष्ट्रात या प्रकाराला सातबाराच्या नोंदींची खास जोड मिळते. खरेदीखत नोंदल्यानंतर तलाठी फेरफार नोंद घेतो, हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकत आल्यास सुनावणी होते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. या दरम्यान सातबाऱ्यावर जुन्याच मालकाचे नाव झळकत राहते. तोच सातबारा दाखवून आधीच विकलेली जमीन दुसऱ्याला विकता येते आणि दुसरा खरेदीदार कागद पाहूनच फसतो. संहितेतील दुहेरी विक्रीचे उदाहरण येथे जसेच्या तसे लागू पडते. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक हे मुख्यतः महसूल वसुलीसाठीचे दस्तऐवज असून त्यातील नोंदीने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६च्या कलम १५७ मध्ये प्रमाणित नोंद खरी असल्याचे गृहीतक आहे, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. त्याचप्रमाणे दुय्यम निबंधक दस्त नोंदतो तेव्हा तो विक्रेत्याची मालकी तपासून प्रमाणपत्र देत नाही. विक्रेत्याच्या मालकीशी नोंदणी अधिकाऱ्याचा संबंध नसतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये तमिळनाडूच्या एका नियमाबाबत निर्णय देताना सांगितले. म्हणून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल, फेरफारांची साखळी आणि जाहीर नोटीस ही काळजी खरेदीदारासाठी ढाल ठरते, आणि पुढे फसवणुकीच्या खटल्यात आपण कोणत्या विधानावर विसंबलो हे दाखवण्यासाठीही तीच कामी येते. दक्ष खरेदीदाराने विचारलेल्या लेखी प्रश्नाला विक्रेत्याने दिलेले खोटे लेखी उत्तर हा अप्रामाणिक हेतूचा सर्वांत बळकट पुरावा असतो.

विश्वासघात आणि विकसकांचे व्यवहार

फसवणुकीच्या कलमाला जोडून फौजदारी विश्वासघाताचे कलमही लावण्याची प्रथा तक्रारींमध्ये रूढ झाली आहे. विश्वासघाताची तरतूद आता न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. त्यात मालमत्ता आरोपीकडे विश्वासाने, म्हणजे ठरावीक कामासाठी किंवा जपण्यासाठी सोपवलेली असते आणि नंतर तो ती अप्रामाणिकपणे आपलीशी करतो. फसवणुकीत हेतू आरंभापासून वाईट असतो, तर विश्वासघातात मालमत्ता आधी रीतसर हाती येते आणि हेतू नंतर बिघडतो. दिल्ली रेस क्लब विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०२४) या निर्णयात न्यायालयाने स्पष्ट केले की दोन्ही गुन्हे एकाच वस्तुस्थितीवर एकत्र उभे राहू शकत नाहीत. विक्रीच्या करारात दिलेली रक्कम व्यवहाराच्या मोबदल्यापोटी दिलेली असते, सांभाळण्यासाठी सोपवलेली नसते, म्हणून साध्या विक्री करारात विश्वासघाताचे कलम सहसा लागत नाही; पण कुलमुखत्याराने मालकाच्या वतीने विक्री करून आलेले पैसे मालकाला न देता ठेवून घेतले, तर तेथे सोपवणूक स्पष्ट असते.

सदनिकांच्या बाबतीत महाराष्ट्रात स्वतंत्र कायदे आहेत. मोफा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या महाराष्ट्र मालकी सदनिका अधिनियम, १९६३ नुसार ग्राहकांकडून विशिष्ट कामांसाठी घेतलेली रक्कम विकसकाने वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामासाठी वापरायची असते आणि तिचा विश्वासघात केल्यास स्वतंत्र शिक्षा आहे. २०१६च्या स्थावर संपदा अधिनियमानुसार नोंदणीकृत करारापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा वेळेत न मिळाल्यास ग्राहकाला व्याजासह परतावा मागता येतो. प्रकल्प रखडला, ही तक्रार बहुतेक वेळा महारेरापुढे, म्हणजे या अधिनियमाखालील राज्याच्या प्राधिकरणापुढे, न्यायला हवी. पण आराखडा मंजूर नसताना तो मंजूर असल्याचे सांगून नोंदणीचे पैसे घेतले किंवा एकच सदनिका दोघांना विकली, तर प्रश्न केवळ विलंबाचा उरत नाही. २०२१ मध्ये कर्नाटकातील जमीनमालक आणि विकसक यांच्यातील संयुक्त विकसन कराराच्या वादात, ठरलेल्या वाट्यापेक्षा अधिक सदनिका विकल्या या आरोपावरील फौजदारी कारवाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, कारण वाटा किती हा प्रश्न करारातील शब्दांच्या अर्थाचा होता आणि तो लवादापुढे होताच.

दोन्ही मार्ग एकत्र चालू शकतात

दिवाणी उपाय उपलब्ध आहे म्हणून फौजदारी मार्ग बंद होतो, हा समज चुकीचा आहे. राजेश बजाज विरुद्ध दिल्ली राज्य (१९९९) मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की अनेक फसवणुकी व्यापारी व्यवहारांच्या ओघातच घडतात, तेव्हा व्यवहार व्यापारी आहे एवढ्याने गुन्हा नाकारता येत नाही. कमलादेवी अगरवाल विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य (२००१) मध्ये, दिवाणी दावा चालू असल्याच्या कारणाने फौजदारी खटला थांबवता येत नाही, असे ठरले. इंडियन ऑइल विरुद्ध एनईपीसी इंडिया (२००६) या निर्णयाने समतोल साधला: एकाच वस्तुस्थितीतून दोन्ही प्रकारचे उत्तरदायित्व निर्माण होऊ शकते, पण पैसे वसूल करण्यासाठी फौजदारी दबावाचा वापर करण्याची वाढती प्रवृत्ती रोखली पाहिजे. दोन्ही न्यायालयांची पुराव्याची पातळीही वेगळी आहे. दिवाणीत संभाव्यतेचा काटा कोणत्या बाजूला झुकतो ते पाहतात, तर फौजदारीत वाजवी शंकेपलीकडे सिद्धता लागते. त्यामुळे एका न्यायालयात हरलेला पक्ष दुसऱ्यात आपोआप हरत नाही.

तक्रार, तपास आणि गाळणी

ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य (२०१३) या घटनापीठाच्या निर्णयानुसार दखलपात्र गुन्हा उघड होत असल्यास प्रथम खबर अहवाल नोंदवणे बंधनकारक आहे, मात्र व्यापारी स्वरूपाच्या व्यवहारांत गुन्हा घडला आहे का हे पाहण्यापुरती मर्यादित प्राथमिक चौकशी करता येते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने ३ वर्षे किंवा अधिक पण ७ वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, वरिष्ठांच्या परवानगीने, १४ दिवसांत अशी चौकशी करण्याची मुभा दिली आहे. कलम ३१८(४) ची कमाल शिक्षा नेमकी ७ वर्षे असल्याने ते कलम शब्दशः या पट्ट्यात बसत नाही. मिळकतीच्या तक्रारींत प्राथमिक चौकशीचा आधार म्हणून ललिता कुमारी निर्णयाचेच महत्त्व त्यामुळे टिकून आहे.

पोलिसांनी दखल घेतली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते, पण त्यासाठी आधी पोलीस अधीक्षकांकडे अर्ज आणि मग प्रतिज्ञापत्रासह निवेदन, ही अट प्रियांका श्रीवास्तव (२०१५) निर्णयातून आली आणि आता नव्या संहितेत समाविष्ट आहे. खाजगी तक्रारीत दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देण्याची तरतूदही नव्या संहितेने आणली. तपासाअंती प्रकरण दिवाणी स्वरूपाचे असल्याचे आढळल्यास महाराष्ट्र पोलीस न्यायालयाकडे ‘सी समरी’ अहवाल पाठवतात, आणि तक्रारदाराला त्यावर हरकत घेता येते.

कारवाई निराधार असेल तर उच्च न्यायालय आपल्या अंगभूत अधिकारात ती रद्द करू शकते. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८२ मध्ये होता, आता तो नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ मध्ये आहे. हरियाणा राज्य विरुद्ध भजनलाल (१९९२ मध्ये प्रकाशित निर्णय) यात अशा हस्तक्षेपाच्या सात परिस्थिती उदाहरणादाखल मांडल्या आहेत. मात्र महाराष्ट्रातून गेलेल्या नीहारिका इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बजावले की तपास गुदमरेल असे सरसकट अंतरिम संरक्षण कारणे न देता देऊ नये. दुसऱ्या टोकाला, २०२३ मध्ये अटकपूर्व जामिनासाठी वादग्रस्त रक्कम जमा करण्याच्या अटीबाबत न्यायालयाने म्हटले की फौजदारी प्रक्रिया ही थकबाकी वसुलीची यंत्रणा नव्हे. एप्रिल २०२५ मध्ये कानपूरमधील एका गोदामाच्या विक्री करारावरून नोंदवलेला गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेश सरकारला ५०,००० रुपयांचा खर्चही लावला. खरी फसवणूक झाली, पण नंतर पक्षांत समेट झाला, तर ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१२) या निर्णयानुसार मुख्यतः दिवाणी वळणाच्या प्रकरणांत समेटाच्या आधारे कारवाई संपवता येते.

रेषेची राखण

या निर्णयांतून निघणारी कसोटी सामान्य माणसालाही वापरता येण्याजोगी आहे. मिळकतीची तक्रार हाती आली की आधी तारखांचा तक्ता मांडावा: कोणते विधान कोणत्या तारखेला केले, त्या तारखेला खरी स्थिती काय होती, ती विक्रेत्याला ठाऊक असल्याचा कागद कोणता आणि पैसे त्यानंतर किती दिवसांनी हातचे गेले. खोटे विधान पैशांच्या आधीचे आणि ते खोटे असल्याची जाणीवही आधीचीच, असे कागदांतून दिसत असेल तर पोलीस ठाण्याने ती तक्रार दिवाणी म्हणून परत पाठवणे हा तक्रारदारावर अन्याय आहे. विधान देतेवेळी खरे होते किंवा प्रामाणिकपणे खरे मानले होते आणि बिघाड नंतर झाला, असे दिसत असेल तर नुकसान कितीही मोठे असले तरी त्याची जागा दिवाणी न्यायालयात आहे.

ही रेषा दोन्ही बाजूंनी सांभाळावी लागते. आयुष्यभराची बचत एका सदनिकेत घालून, आधीच विकलेल्या जागेचा कागद हाती घेतलेल्या कुटुंबाला फौजदारी कायद्याचे संरक्षण नाकारले गेले, तर दुहेरी विक्री हा बिनधोक धंदा होतो. करार पाळता न आलेल्या प्रत्येक विक्रेत्याला कोठडीची भीती घातली गेली, तर प्रामाणिक अपयश आणि ठरवून केलेली लूट यांत कायद्याला भेद उरत नाही आणि तपास यंत्रणेचा वेळ वसुलीत खर्च होऊन खरे गुन्हे मागे पडतात. दिवाणी न्यायालयांतील विलंब हे या मोहाचे मूळ कारण आहे, म्हणून विशिष्ट पूर्ततेचे दावे आणि दस्त रद्द करण्याचे दावे वेळेत निकाली काढणे, प्रलंबित दावे, बोजे आणि फेरफार यांची माहिती नोंदणीच्या वेळीच खरेदीदाराला एकत्र दिसेल अशी व्यवस्था करणे आणि तपासी अंमलदारांना फसवणूक, विश्वासघात व बनावटीकरण यांतील भेदाचे प्रशिक्षण देणे, या तीन गोष्टींशिवाय केवळ निर्णयांतील तत्त्वांनी ही रेषा टिकणार नाही.